नऊ नमुने, दहा थेंब

“हा चौथा सुळका कसला?” सबनीससाहेबांनी चार्टवर बोट ठेवून विचारलं.

मला उत्तर माहीत होतं, पण ते तोंडातून काढायची भीती वाटत होती.

“बासष्टचा आहे,” मी शेवटी म्हणालो.

“माझ्या पहिल्या बाटलीत तो केवढा होता?”

“बोटाच्या पेराएवढा.”

“आणि आता?”

“आता... वीतभर आहे.”

सबनीससाहेब खुर्चीत बसले. चष्मा काढून त्यांनी तो बुशशर्टच्या टोकाला पुसला, पण परत घातला नाही. “ओव्हाळसाहेब,” ते म्हणाले, “अकरा वर्षं झाली हो याला.”

पुण्यातल्या त्या सरकारी लॅबमध्ये ट्रेनी म्हणून लागून मला सात महिने झाले होते. बी.एस्सी. झालेला आमच्या घरातला मी पहिलाच. लॅबमध्ये शिपायापासून वरपर्यंत सगळे मला नुसतं ओव्हाळ म्हणत. साहेब कुणी म्हटलं नव्हतं. पुढं जे झालं त्यात या एका शब्दाचा वाटा किती, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पण होता, एवढं कबूल करतो.

ही गोष्ट एकोणीसशे एकोणनव्वदच्या उन्हाळ्यातली. त्या वर्षी परदेशातल्या दोन प्राध्यापकांनी काचेच्या बरणीत, टेबलावर, सूर्यात घडतं ते अणूंचं मीलन घडवून दाखवल्याचं पेपरात आलं होतं. काही आठवड्यांत इतरांना ते जमत नसल्याचंही पेपरात आलं, पण ते आतल्या पानावर. पहिली बातमी वाचलेले सगळे दुसरी वाचतातच असं नाही.

सबनीससाहेबांनी पहिलीच वाचली होती. सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात निकेल प्लेटिंगचं खातं त्यांनी आयुष्यभर सांभाळलं. अकरा वर्षांपूर्वी एका सोमवारी, रविवारची सुट्टी असूनही, प्लेटिंगची एक टाकी त्यांना कोमट लागली. तेव्हापासून निकेलमधून आपोआप उष्णता निघते, हेच त्यांच्या डोक्यात होतं. रिटायर झाल्यावर त्यांनी पौडच्या पुढं, आमच्याच गावाच्या शिवारात थोडी जमीन घेतली, पत्र्याची शेड घातली आणि आत भट्टी उभी केली. भट्टी म्हणजे स्टीलचा एक पिंप. त्यात निकेलची पावडर, पाणी आणि वीज सोडायच्या दोन पट्ट्या. पाच युनिट वीज घातली तर सात युनिटांची उष्णता मिळते असं त्यांचं म्हणणं होतं.

माणूस लबाड मुळीच नव्हता. गावातल्या पोरांना मोटारीचं वायंडिंग फुकट शिकवायचा. त्यामुळं गावात त्यांच्याबद्दल वाईट बोलणारं कुणी नव्हतं. मीही नव्हतो.

आमच्या लॅबमधल्या साहेब म्हणजे डॉ. कर्णिकबाई. सगळे त्यांना बाई म्हणत. सबनीससाहेब पहिल्यांदा आले तेव्हा बाईंनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“उष्णतेबद्दल मी बोलणार नाही,” बाई म्हणाल्या. “थर्मामीटर कुठं लावला त्यावर उष्णता कमी-जास्त होते. तुमच्या भट्टीत खरंच अणूंची उलथापालथ होत असेल, तर निकेलचे आयसोटोप बदललेले दिसतील. ते तपासू. आयसोटोपला तुमची इच्छा कळत नाही आणि माझा संशयही कळत नाही.”

आयसोटोप म्हणजे काय ते सांगतो. आमच्या मुळशी भागात भात पिकतो, म्हणून भाताचंच उदाहरण घेतो. शेरभर आंबेमोहोर घेतला तर सगळे दाणे एकाच जातीचे. वास तोच, चव तीच. पण एकेक दाणा तोलला तर काही हलके भरतील, काही जड. निकेलचे अणू तसेच. सगळे निकेलच, पण वजनं पाच प्रकारची: अठ्ठावन्न, साठ, एकसष्ट, बासष्ट आणि चौसष्ट. विशेष हे की नाण्यातलं निकेल घ्या, स्टीलच्या पातेल्यातलं घ्या, नाहीतर खाणीतलं घ्या, या पाचांचं प्रमाण जवळजवळ तेच असतं. शंभरात अडुसष्ट अठ्ठावन्नचे, सव्वीस साठचे, साडेतीनच्या आसपास बासष्टचे. उरलेले दोन अगदी थोडे.

हे प्रमाण बदललेलं दिसलं तर पुस्तकात दोन कारणं दिलेली असतात. एक, कुणीतरी मोठाले लोहचुंबक लावून जड आणि हलके अणू मुद्दाम वेगळे केले. याला एनरिचमेंट म्हणतात. ते काम जगात मोजक्या ठिकाणी चालतं. दोन, अणूंचंच आतून रूपांतर झालं. सबनीससाहेबांकडे लोहचुंबक नव्हते. म्हणजे उरलं दुसरं कारण. तिसरं काही असू शकतं हे मला तेव्हा सुचलं नाही.

अणू तोलायचा आमचा काटा म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. निकेल आम्लात विरघळवायचं, पाण्यासारखं पातळ करायचं, त्यातला थेंबभर एका बारीक तारेवर वाळवायचा. मग ती तार मशीनमध्ये घालून आतली हवा काढायची. तार तापली की अणू उडतात आणि चुंबकासमोरून जाताना वळतात. हलके जास्त वळतात, जड कमी. कोणत्या वजनाचे किती आले, तेवढ्या उंचीचा सुळका पेन कागदावर काढतं.

सबनीससाहेबांनी दोन बाटल्या दिल्या. एकीवर ‘आधी’ लिहिलं होतं, दुसरीवर ‘नंतर’. भट्टीत घालण्याआधीची पावडर आणि तीन महिने चालवल्यानंतरची.

“ओव्हाळ, हे तुम्ही करा,” बाई म्हणाल्या. “मी मीटिंगला दिल्लीला चालले आहे, शुक्रवारी येईन. दोन्ही साधे चालवायचे. स्पाइक घालायचा नाही. काय सांगितलं?”

“स्पाइक घालायचा नाही.”

हा स्पाइक समजून घ्यावा लागेल, कारण सगळं त्यावरच अडलं.

आमचं रोजचं काम वनस्पती तुपाचं होतं. तेल गोठवून तूप करताना कारखान्यात निकेलची पावडर वापरतात. नंतर ती गाळून काढतात, तरी किंचित राहते. नेमकी किती राहिली ते आम्ही सांगायचो, आणि आमच्या आकड्यावरून बाकीच्या लॅब आपापली मशीन तपासून घ्यायच्या. मोजायची पद्धत अशी. समजा, पांढऱ्या तांदळाचा ढीग आहे आणि त्यात दाणे किती ते मोजता येत नाहीत. मग त्यात तांबड्या तांदळाचे मोजून शंभर दाणे टाकायचे. चांगलं कालवायचं. मूठभर उचलायचं आणि मुठीत पांढऱ्यांच्या मानानं तांबडे किती ते बघायचं. त्यावरून ढीग केवढा ते निघतं. आमचा तांबडा तांदूळ म्हणजे परदेशातून आलेलं एनरिच केलेलं निकेल. त्यात जवळजवळ सगळे अणू बासष्टचे. त्याचं पातळ द्रावण एका छोट्या बाटलीत बाईंच्या कपाटात असायचं. प्रत्येक नमुन्यात त्याचा मोजून एक थेंब टाकायचा. तो थेंब म्हणजे स्पाइक.

सोमवारी मी ‘आधी’ची बाटली चालवली. नेहमीचं निकेल. बासष्टचा सुळका पेराएवढा.

मंगळवारी तुपाचे नऊ नमुने तयार होते. ट्रेवर नऊ बीकर ओळीनं ठेवले. ‘नंतर’च्या पावडरीचं पातळ द्रावणही मी त्याच दिवशी तयार केलं आणि वेगळा ट्रे कशाला म्हणून त्याच ओळीत शेवटी ठेवलं. दहाही बीकर सारखेच. आतलं पाणीही सारखंच दिसणारं. मग पिपेट घेतली आणि ओळीनं स्पाइक टाकत गेलो. हे मी आज सांगतोय म्हणून सांगता येतंय. तेव्हा विचारलं असतं, तर मी शपथेवर सांगितलं असतं की नऊच थेंब टाकले.

गुरुवारी दुपारी चार्ट निघाला आणि त्याच वेळी सबनीससाहेब दारात उभे राहिले. ते रोजच येत होते. बाहेरच्या बाकावर बसायचे आणि आत येऊ का म्हणून विचारायचेसुद्धा नाहीत.

चार्ट बघून झाल्यावर ते म्हणाले, “हा मला मिळेल का?”

“रिपोर्ट बाई देतील. शुक्रवारनंतर.”

“रिपोर्ट नकोच हो. तो सावकाश येऊ दे. हा कागदाचा तुकडा द्या नुसता. खाली दोन ओळी लिहा, काय दिसलं ते. आणि सही.”

“सही बाईंची लागते.”

“अहो, साक्षीदार म्हणून. तुमच्यासमोर मशीननं ही रेघ काढली, एवढंच.”

साक्षीदार म्हणून सही, ही माझ्या फार सवयीची गोष्ट होती. आमच्या वस्तीत दहावी झाल्यापासून कुणाचाही अर्ज असो, जबाब असो, रेशनकार्डाचं काम असो, अंगठ्याच्या शेजारी साक्षीदार म्हणून माझी सही ठरलेली. लोक हातातलं काम टाकून कागद घेऊन यायचे. नाही म्हणायची पद्धत नव्हती. मजकूर काय आहे हे विचारणंसुद्धा उद्धटपणाचं वाटायचं.

मी लिहिलं, ‘नंतर या नमुन्यात बासष्टचे प्रमाण फार जास्त आढळले.’ खाली साक्षीदार लिहून सही केली. तारीखही टाकली. अक्षर चांगलं आलं होतं.

शुक्रवारी बाई आल्या. पर्स टेबलावर ठेवायच्या आधी विचारलं, “सबनीसांचं काय झालं?”

“बाई, बासष्ट वाढलं.”

“किती?”

“अठ्ठावन्नच्या जवळपास गेलं.”

बाईंनी पर्स ठेवली. तुपाच्या नमुन्यांचे चार्ट मागितले. एक उचलला, बघितला, माझ्याकडे धरला.

“असं दिसत होतं?”

“हो. साधारण असंच.”

“स्पाइक घातलात?”

“नाही बाई.”

“बाटलीचं रजिस्टर आणा.”

स्पाइकची बाटली काम सुरू करायच्या आधी तोलायची आणि संपल्यावर तोलायची असा नियम होता. दोन्ही वजनं मी नेमानं लिहायचो. वजाबाकी मात्र बाई शुक्रवारी करत. त्या दिवशी त्यांनी ती मला करायला लावली. एक थेंब पन्नास मिलिग्रॅमचा. नऊ नमुन्यांचे साडेचारशे कमी व्हायला हवे होते. पाचशे कमी झाले होते.

“थोडं उडून गेलं असेल,” मी म्हणालो. “उन्हाळा आहे.”

“बरोबर एक थेंब उडाला?”

मी वजाबाकी पुन्हा करून बघितली. पाचशेच.

“अभिनंदन,” बाई म्हणाल्या. “पुण्यात निकेल एनरिच करायचा पहिला कारखाना तुम्ही काढलात.”

‘नंतर’चं मूळ द्रावण शिल्लक होतं. नव्या बीकरमध्ये घेतलं, स्पाइकची बाटली कपाटातच कुलपात ठेवली आणि परत चालवलं. चार तासांनी चार्ट आला. बासष्ट पेराएवढं. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे कागद एकावर एक ठेवून खिडकीशी धरले तर रेघ रेघेवर बसत होती. भट्टीनं तीन महिन्यांत निकेलला काहीही केलं नव्हतं.

“आता पहिला चार्ट फाईलला लावा आणि त्यावर चूक काय झाली ते लिहा,” बाई म्हणाल्या.

“तो नाही बाई. सबनीससाहेबांनी नेला.”

“नेला म्हणजे?”

“मागितला. मी दिला.”

“नुसता कागद?”

“सही आहे. साक्षीदार म्हणून.”

बाई ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी टाईपरायटर पुढं ओढला आणि लॅबच्या लेटरहेडवर चार ओळींचं पत्र स्वतः टाईप केलं. चार्ट रद्द समजावा, दुरुस्त निकाल सोबत. “पोस्टानं चार दिवस लागतील. उद्या घरी जाता ना तुम्ही? हातात द्या.”

शनिवारी मी एस.टी.नं गावी गेलो. फाट्यावर उतरलो तर गिरणीवाला शिवराम समोरून आला. “काय साहेब!” म्हणाला. दोन दिवसांत दुसऱ्यांदा कुणी साहेब म्हणालं होतं आणि आता त्याची गोडी उरली नव्हती.

आमचं गाव दोन भागांत आहे. खाली गावठाण, वर टेकाडावर आमची वस्ती. बौद्धांची घरं आणि पलीकडं काही धनगरांची. गावठाणात वीज येऊन सात-आठ वर्षं झाली होती. वस्तीवर नव्हती. वस्तीपर्यंत खांब यावेत म्हणून माझ्या बानं आणि चार जणांनी मिळून किती अर्ज केले होते त्याला गणती नाही. त्यातल्या निम्म्यांवर साक्षीदार मीच होतो. त्या वर्षी अखेर नंबर लागला होता. सर्व्हे झाला होता, खांबांच्या जागी चुन्याच्या खुणा पडल्या होत्या.

बा रस्त्याच्या गँगवर मजूर होता. मी गेलो तेव्हा पाय धूत होता.

“उद्या ग्रामसभा हाय,” तो म्हणाला. “ठराव घेनारेत. वस्तीवर खांब नकोत म्हनून.”

“नकोत? का?”

“सबनीससायबांची भट्टी वस्तीवर बसवायची हाय. तिच्यावर समद्या घरांत दिवं लागनार. मंग खांब कशाला? आपला नंबर सोडून द्यायचा, त्यो फुडल्या गावाला जाईल. सरपंच आबा म्हनले, वस्तीचा होकार पायजे. मी व्हय म्हनलो.”

“बा, असं कसं म्हणलास?”

त्यानं माझ्याकडं आश्चर्यानं बघितलं. “तुजी सही हाय की कागदावर.”

मी सगळं सांगितलं. थेंब, बाटली, वजन, सगळं. बा ऐकत होता. किती कळलं माहीत नाही, पण चूक माझी होती एवढं नक्की कळलं. नंबर एकदा सोडला की परत किती वर्षांनी लागेल, हे तर त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

“मला सांगून काय उपेग?” तो म्हणाला. “उद्या सभंत सांग.”

सभा शाळेच्या वर्गात भरली. माझा चार्ट फळ्यावर खळीनं चिकटवला होता. सबनीससाहेब खुर्चीवर, शेजारी सरपंच ढमालेआबा. मी जाताच सबनीससाहेबांना बाईंचं पत्र दिलं. त्यांनी वाचलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

“तर मंडळी,” आबा म्हणाले, “धरान आपल्या खोऱ्यात. पानी आपलं. जमिनी बुडाल्या त्या आपल्या. आन् दिवं कुटं लागत्यात? ममईत. आता आपली वीज आपन करायची. ह्यो बघा सुळका. पल्याडचा. त्यो आदी एवढुसा व्हता. खाली सही बघा, आपल्या ओव्हाळाच्या पोराची. सरकारी लॅबातला हाय त्यो.”

टाळ्या झाल्या. मी उभा राहिलो.

“आबा, मला थोडं बोलायचंय.”

“बोल की. तुजंच तर चाललंय.”

मी बोललो. पांढरा तांदूळ, तांबडा तांदूळ सांगितला. तांबडे दाणे भट्टीत तयार झाले नाहीत, माझ्या हातून पडले, असं सांगितलं. म्हणून त्या कागदावर खांब सोडू नका, असंही सांगितलं.

शिवराम उठला.

“रेघ मशीननंच काढली ना?”

“हो.”

“मशीन खोटं न्हाई?”

“नाही.”

“सही तुजीच?”

“हो.”

“ती बी खोटी न्हाई. मंग खोटं काय हाय?”

लोक हसले. माझी दोन ओळींची चूक गावानं न विचारता मान्य केली होती. खरं सांगायला उभा राहिलो तर उलटतपासणी सुरू झाली होती.

मी सांगितलं, “लॅबचं पत्रही आलंय. साहेबांच्या खिशात आहे.” आबांनी ते मागून घेतलं, उलटसुलट केलं.

“ह्ये विंग्रजीत हाय,” ते म्हणाले. “त्ये बघ कसं सरळ मराठीत लिवलंय.”

सबनीससाहेब उठले. “ओव्हाळ,” ते म्हणाले. साहेब गळून पडलं होतं. “खरं सांगा, मी रागावणार नाही. तुमच्यावर वरून दबाव आला का?”

“नाही साहेब. माझीच चूक झाली.”

“बघा,” ते सभेकडं वळून अगदी हळवेपणानं म्हणाले, “किती घाबरलाय पोरगा.”

तिथं माझं संपलं. मी खाली बसलो. सरकारला फुकटची वीज नकोच असते, असं एक जण म्हणाला. थोडी कळ काढायला काय हरकत आहे, असं दुसरा म्हणाला. ज्यांच्या घरी बल्ब होते ते सगळे कळ काढायला तयार होते. आबांनी ठरावाचं बुक पुढं ओढलं.

तेव्हा बा उभा राहिला. सभेत तो कधी बोलत नसे.

“सायेब, येक इचारू?”

“विचारा की.”

“मी तुमच्या शेडवर दोन दिस गवंड्याच्या हाताखाली व्हतो. भट्टीला वायर मीटरपासनं जाती. ती कशापायी?”

“सुरू करायला. आधी वीज द्यावी लागते.”

“आन् येकदा सुरू झाली की वायर काढता?”

इथं मला सबनीससाहेबांचं कौतुक वाटतं. त्यांना थाप मारता आली असती. “नाही,” ते म्हणाले. “वायर राहू द्यावी लागते. काढली की भट्टी गार होते.”

“म्हंजी भट्टी वस्तीवर आनली तरी बी वायर लागनार.”

“लागणार.”

“ती कशाला जोडायची? वस्तीवर खांब न्हाई. आन् जे येनारेत ते तर आपून नको म्हनाय लागलोय.”

पहिला शिवरामच हसला. मग आबाही हसले. सबनीससाहेबांनी मान डोलावली. “हे बरोबर आहे. आधी लाईन यायला हवी.”

आबांनी पेन उचललं. ठराव लिहिला गेला तो असा: वरच्या वस्तीवर निकेल भट्टीचा संशोधन प्रकल्प व्हावयाचा असल्याने सदर वस्तीपर्यंत विजेची लाईन तातडीने ओढावी.

मी परत उठायला लागलो. प्रकल्पच नाही, त्यात काही तथ्य नाही, हे कारण लिहू नका, असं सांगणार होतो. अर्धा उठलो असेन. बानं माझा शर्ट मागून धरला.

“बस खाली,” तो म्हणाला.

मी बसलो. सभेच्या पहिल्या अर्ध्या भागात मी खरं बोललो आणि दुसऱ्या अर्ध्या भागात गप्प बसलो. त्यातलं वस्तीच्या उपयोगी काय पडलं, ते उघड आहे.

सोमवारी बाईंना सगळं सांगितलं. गप्प बसलो तेही सांगितलं.

“त्या ठरावात बासष्टचं प्रमाण किती आहे ते लिहिलंय का?” बाईंनी विचारलं.

“नाही बाई.”

“मग तो आपल्या लॅबचा विषय नाही. तुपाचे नमुने आलेत, ते घ्या.”

पुढच्या महिन्यात बाईंनी सबनीससाहेबांना बोलावून त्यांच्या डोळ्यांदेखत दोन्ही बाटल्या पुन्हा चालवल्या. दोन्ही चार्ट सारखे निघाले. सबनीससाहेबांनी ते बराच वेळ बघितले. “म्हणजे पहिल्या वेळची पावडर चांगली होती,” ते म्हणाले आणि आमचे आभार मानून गेले. बाई त्यांना दारापर्यंत सोडून आल्या. “यावर उपाय नाही,” एवढंच म्हणाल्या.

माझ्या वर्षाच्या शेवटच्या शेऱ्यात त्यांनी लिहिलं होतं: ‘काम स्वच्छ. चूक कबूल करतात. कागद हातातून लवकर सोडतात.’ त्या शेऱ्यावर मला नोकरीत कायम केलं. आता माझ्या हाताखाली ट्रेनी येतात. स्पाइकची वजाबाकी त्यांनी त्याच दिवशी, स्वतः करायची असते. आणि चुकीच्या रीडिंगमधून कधी कुणाचं भलं झालं, तरी त्यामुळं ते रीडिंग बरोबर ठरत नाही, हेही मी त्यांना सांगतो. ते वहीत लिहून घेतात.

खांब त्याच वर्षी दिवाळीच्या आत आले. भट्टी वस्तीवर कधी आली नाही. वीज मंडळाच्या माणसानं मात्र ठरावातलं नाव बघून वस्तीच्या डीपीवर लाल रंगानं ‘निकेल’ असं रंगवलं, आणि ते अजून तसंच आहे. वस्तीवर वीज गेली की लोक वायरमनला फोन करतात आणि सांगतात, निकेल गेलं. तो येतो, फ्यूज बसवतो आणि जातो. आयसोटोपबद्दल त्यानं आजवर एकदाही विचारलेलं नाही.